सांडपाण्यातले जड धातू: हर्णेच्या किनाऱ्यावरून मांडलेला हिशेब

दापोली तालुक्यातल्या हर्णे बंदराच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर बाणकोटची खाडी आहे आणि दक्षिणेला २५ किलोमीटरच्या आसपास दाभोळची. बाणकोटच्या खाडीत सावित्री येते, आणि महाडच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी तिच्यातूनच समुद्राकडे जाते. दाभोळच्या खाडीत वाशिष्ठी येते आणि लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीचे पाणी करंबवण्याजवळ त्याच खाडीत सोडले जाते. त्यामुळे हर्णेत किंवा शेजारच्या पाजपंढरीत जड धातूंचा विषय निघाला की बोट आपसूक या दोन खाड्यांकडे वळते. त्यात चूक काही नाही. रासायनिक वसाहतींनी कोकणच्या खाड्यांचे केलेले नुकसान मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आपल्या जाळ्यात मोजले आहे. पण शहरी सांडपाण्यातल्या धातूंवर गेल्या चार दशकांत जगभर जे काम झाले, ते एकत्र वाचले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. कारखान्याची नळी हा धातूंचा डोळ्यांत भरणारा स्रोत आहे, एकमेव नाही. कारखान्यांवर नियम लागू झाले त्या शहरांत उरलेल्या धातूंचा मोठा वाटा घरांतून, छपरांवरून, रस्त्यांवरून आणि छोट्या व्यवसायांतून आला. हा वाटा कोणी मोजत नाही, तोवर कारखान्याचा वाटाही नेमका सिद्ध करता येत नाही. स्रोतवार हिशेबाची गरज इथून सुरू होते, आणि ती हर्णेसारख्या ना धड खेडे ना धड शहर असलेल्या बंदराला शहराइतकीच आहे.

कारखान्याचेच चित्र मनात का ठसले, याला इतिहास आहे. जपानमधल्या मिनामाता इथे एका रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारा असलेले सांडपाणी उपसागरात सोडले. त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर झाले, ते माशांत साठले आणि माशांवर जगणाऱ्या मच्छीमार कुटुंबांच्या मज्जासंस्था त्याने उद्ध्वस्त केल्या. या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. जपानमध्येच जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेले कॅडमिअम भातशेतीत उतरले आणि हाडे ठिसूळ करणारा वेदनादायी आजार पसरला. कानपूरच्या जाजमऊ भागात चर्मोद्योगाचे क्रोमिअमयुक्त पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळून शुद्धीकरण केंद्रात गेले आणि तिथून बाहेर पडलेले पाणी शेतांना दिले गेले. आपल्याकडे उल्हास आणि काळू नद्यांच्या खोऱ्यात रासायनिक उद्योगांतून आलेल्या पाऱ्याचा प्रश्न अनेक वर्षे गाजला. या प्रत्येक ठिकाणी एक नळी दाखवता येत होती, एक मालक दाखवता येत होता, आणि म्हणून लढाही देता आला. घराघरांतून थेंबाथेंबाने येणाऱ्या धातूला मालक नसतो. त्याच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही, त्याची बातमी होत नाही, आणि त्यामुळे तो नाहीच असे गृहीत धरले जाते.

प्रत्यक्षात धातूंची यादी स्वयंपाकघराच्या मोरीपासून सुरू करावी लागते. तांब्याचा हंडा चिंचेने किंवा कोकमाच्या सालींनी घासला की तो लखलखतो. आम्लात तांब्याचा काळपटलेला थर विरघळतो आणि ते पाणी मोरीतून गटारात जाते. नळाच्या पितळी तोट्या, जुने जोड आणि त्यांतले शिशाचे मिश्रण पाण्याच्या आम्लतेनुसार झिजत राहते. जस्त तर आपण रोज खातो. माणसाच्या दिवसाच्या आहारात साधारण १० मिलिग्रॅम जस्त असते आणि निरोगी प्रौढ शरीर जवळजवळ तेवढेच बाहेर टाकते. १०,००० वस्तीच्या गावात हेच दिवसाला १०० ग्रॅम आणि वर्षाला ३६ किलोच्या घरात जाते, आणि यात कोंड्यावरच्या शाम्पूमधले, मलमांमधले, पावडरीतले जस्त धरलेलेच नाही. दातांत भरल्या जाणाऱ्या चांदीच्या मिश्रणात निम्मा पारा असतो. तो दंतवैद्याच्या खुर्चीशेजारच्या बेसिनमधून वाहून जातो. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. बाजारातल्या शेंदरात ते आजही असू शकते, आणि देवाला लावलेला शेंदूर अभिषेकाच्या किंवा पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो. कल्हईच्या कथलात शिसे मिसळणे ही जुनी भेसळ आहे. घरांच्या रंगात शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या वर असू नये, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या भिंती, खिडक्या आणि लोखंडी गजांवरचे जुने थर अजून खरवडले जायचे आहेत.

छप्पर हा आणखी एक दुर्लक्षित स्रोत. कौले जाऊन कोकणात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आले, आणि खाऱ्या हवेत तो मुलामा झपाट्याने उतरतो, हे किनाऱ्यावर घर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उतरलेले जस्त पावसाबरोबर पन्हाळीतून खाली येते. युरोपातल्या शहरांत अशा पत्र्यांवरून वाहून जाणारे जस्त मोजले गेले, तेव्हा ते वर्षाला दर चौरस मीटरमागे काही ग्रॅम भरले. दापोलीच्या परिसरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक शहरांच्या कितीतरी पट. इथला आकडा त्याहून कमी असेल असे मानायला काही आधार नाही. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहराने १९९० च्या दशकात आपल्या हद्दीतल्या धातूंचा असा सबंध जमाखर्च मांडला: शहरात किती तांबे, किती जस्त, किती शिसे वापरात आहे आणि ते कशातून झिजून पाण्यात जाते. तिथल्या हिशेबात तांब्यासाठी वाहनांचे ब्रेक आणि तांब्याची छपरे, आणि जस्तासाठी टायर आणि मुलामा दिलेले पत्रे पुढे आले. जस्ताचे ऑक्साइड टायरच्या रबरात साधारण एक टक्का असते आणि टायर झिजतो तेव्हा ते धूळ होऊन रस्त्यावर पडते. कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये ब्रेकमधल्या तांब्यावर मर्यादा घालणारा कायदा केला, तो अशाच मोजमापाच्या बळावर. स्रोत माहीत झाल्याशिवाय असा कायदा कोणाला सुचलाही नसता.

छोट्या व्यवसायांबद्दल आपल्याकडे पुरेसे लिहिले गेलेले नाही. मोठ्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, नमुने घेतले जातात, नोटीस बजावली जाते. गल्लीतल्या मुलामा देणाऱ्या दुकानाचे, गॅरेजचे, बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याचे, सोनाराच्या आम्लाच्या भांड्याचे पाणी सरळ गटारात जाते. हुपरीसारख्या चांदीच्या गावात, उल्हासनगरसारख्या दाट वस्तीच्या उद्योगनगरीत घर आणि कारखाना यांच्यात भिंतसुद्धा नसते, मग सांडपाण्यात भेद कुठून राहणार? एक ग्रॅम शिसे पूर्ण विरघळले तर एक लाख लिटर पाणी पिण्याच्या पाण्याच्या ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेपर्यंत पोहोचते, आणि वाहनाच्या एका बॅटरीत शिसे किलोंमध्ये असते. ते सगळे एका दिवसात विरघळत नाही हे खरे. पण बॅटरीतले आम्ल ओतून देताना त्याच्याबरोबर शिशाचा गाळही जातो. दुसरीकडे, नियमाने काय साधते याचा पुरावाही शिशातच आहे. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि रस्त्यावरच्या धुळीतून गटारात जाणारा शिशाचा एक मोठा ओघ आटला. त्यासाठी एकाही शहराला नवे शुद्धीकरण केंद्र बांधावे लागले नाही.

हर्णेत या सगळ्याच्या जोडीला बंदर आहे, आणि बंदराचे धातू वेगळे आहेत. लाकडी किंवा फायबरच्या नौकेच्या तळाला शंख-शिंपल्यांचे थर चढले की बोट जड होते आणि डिझेल जास्त जाळते. म्हणून तळाला जो खास रंग लावतात, त्यात बहुधा क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचे तांबूस ऑक्साइड असते. तो रंग पाण्यात हळूहळू तांबे सोडतो, हेच त्याचे काम आहे. त्या तांब्यानेच शंख-शिंपल्यांची पिल्ले चिकटत नाहीत. पूर्वी या कामाला चुना, तेल, काजूच्या टरफलांचे तेल असे. ते सारखे सारखे लावावे लागे, त्यामुळे नवा रंग का आला हे समजण्यासारखे आहे. दर वर्षी १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि हंगाम पुन्हा सुरू होण्याआधी तळ खरवडून नव्याने रंगवला जातो. खरवडलेल्या रंगाचे पापुद्रे वाळूतच पडतात. त्यांतले तांबे पाण्यात असताना सुटले नव्हते, म्हणजे अजून शिल्लक आहे. पुढच्या उधाणाला ते वाळूसकट खाली ओढले जाते. पंख्याजवळ गंज रोखायला बसवलेले जस्ताचे ठोकळे समुद्रात विरघळण्यासाठीच बसवलेले असतात. जाळ्यांच्या खालच्या दोराला शिशाची वजने असतात. इंजिनाच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्यात जस्तयुक्त वंगण असते. दिव्यांच्या आणि वायरलेसच्या बॅटऱ्या खाऱ्या हवेत लवकर खराब होतात आणि बदलाव्या लागतात.

हे सगळे किरकोळ वाटेल. म्हणून अमेरिकेतल्या सॅन दिएगोमधल्या शेल्टर आयलंड या नौकातळाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. तिथे विहारनौका उभ्या असतात, मासेमारी नाही, कारखाना नाही. तरीही पाण्यातले तांबे मर्यादेबाहेर गेले. २००५ मध्ये तिथल्या जलनियामकांनी भार ठरवण्यासाठी हिशेब केला, तेव्हा एकूण तांब्यापैकी सुमारे ९८ टक्के तांबे नौकांच्या तळाच्या रंगातून येत असल्याचे निघाले. त्याहून जुनी कहाणी फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागराची. नौकांच्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिन या कथलाच्या संयुगाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथली कालवांची पैदास बुडाली, शिंपल्यांची टरफले विद्रूप झाली, आणि फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या नौकांवर तो रंग वापरायला बंदी घातली. जगभर ही बंदी यायला आणखी २६ वर्षे लागली. आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला. त्यानंतर बाजाराने पुन्हा तांब्याचा आधार घेतला. दोन्ही ठिकाणी विष ओतणारा कोणी खलपुरुष नव्हता. आपापली बोट स्वच्छ ठेवणारी माणसे होती.

बागायतीचा उल्लेख इथे टाळता येत नाही, कारण हर्णे, मुरूड, आंजर्ले या पट्ट्यातल्या वाड्या आणि वस्ती एकमेकींना लागून आहेत आणि पाण्याच्या वाटाही सामाईक आहेत. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणाच्या १०० लिटरमध्ये एक किलो मोरचूद असते आणि त्यात तांबे भरते साधारण २५० ग्रॅम. बरेचसे तांबे पानांवर आणि मातीत धरून राहते, पण मातीच जेव्हा मुसळधार पावसात पऱ्ह्यातून खाडीत उतरते तेव्हा तांबेही तिच्याबरोबर उतरते.

आता हे धातू पुढे जातात कुठे, ते पाहिले म्हणजे स्रोतावरच भर का द्यायचा ते कळते. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, जंतू मरतात, नत्र हवेत जाते. धातूचे मात्र काही होत नाही. शिसे शिसेच राहते. शुद्धीकरण केंद्रात शिसे, क्रोमिअम, तांबे आणि जस्त यांचा बहुतांश भाग गाळाच्या कणांना चिकटून खाली बसतो, निकेलसारखे काही धातू जास्त प्रमाणात पाण्याबरोबर निसटतात. म्हणजे केंद्र जितके चांगले, पाणी तितके स्वच्छ आणि गाळ तितका विषारी. हाच गाळ पुढे खत म्हणून शेतात जावा अशी आपली अपेक्षा असते. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमिअम ५, पारा ०.१५ अशा मर्यादा घातल्या आहेत. त्या मोडल्या तर खत विकता येत नाही, आणि मग तो गाळ कुठे टाकायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. हर्णेत भूमिगत गटारे नाहीत, शौचखड्डे आणि सेप्टिक टाक्या आहेत. तिथेही तेच होते, फक्त प्रत्येक घराच्या अंगणात. टाकीतल्या गाळात धातू साठत जातात आणि काही वर्षांनी मैलागाडी येऊन तो उपसते. पर्यटन वाढल्यापासून मोठ्या टाक्यांची लॉज आणि घरगुती खानावळी वाढल्या आहेत, म्हणजे उपसाही वाढला आहे. उपसलेला गाळ रिकामा कुठे होतो, हा प्रश्न गावाने विचारायलाच हवा.

मानकांची अवस्था यात भर घालते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये जी मानके अधिसूचित केली, त्यांत सामू, जैविक ऑक्सिजन मागणी, तरंगते घन पदार्थ आणि मलजन्य जिवाणू आहेत. एकही धातू नाही. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांत धातू आहेत, पण ते वाचताना किनाऱ्यावरच्या माणसाने थबकावे असे काही आहे. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालते, समुद्रात सोडायचे असेल तर २ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे २० पट. घातक अशा षट्संयुजी क्रोमिअमला समुद्रात दसपट सवलत आहे. तांब्याची मर्यादा दोन्हीकडे ३ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने समुद्री जीवांच्या दीर्घकालीन सुरक्षिततेसाठी खाऱ्या पाण्यातले तांबे ३.१ मायक्रोग्रॅमपर्यंत असावे असे ठरवले आहे, म्हणजे जवळपास हजार पट कमी. एक आकडा नळीच्या तोंडाचा आहे आणि दुसरा समुद्रातल्या पाण्याचा, त्यामुळे त्यांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही मधल्या हजारपट विरळतेची हमी कोणी दिली आहे, हे विचारण्याचा हक्क मच्छीमाराला आहे.

समुद्र एवढा अथांग असताना हे सगळे पाणी विरळ होऊन जाणार नाही का, हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक आहे. मुंबईने वरळी आणि वांद्र्याला साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत जाणारे समुद्राखालचे बोगदे बांधले ते याच विश्वासावर, आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या घाणीपुरता त्या विश्वासाला काही आधारही आहे. धातूंना तो लागू पडत नाही. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे भेटते तिथे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि खाली बसतात. धातू त्या कणांवर स्वार असतात. त्यामुळे ते खोल समुद्रात पोहोचण्याऐवजी खाडीच्या चिखलात आणि खारफुटीच्या मुळांशी अडकतात. त्या चिखलातच तिसऱ्या, खुबे आणि कालवे राहतात, आणि ती पाणी गाळून पोट भरतात. एक कालव दिवसभरात कितीतरी लिटर पाणी गाळते आणि त्यातले जस्त-तांबे शरीरात साठवते. पाण्यात जे मोजायला महागडे यंत्र लागते, ते कालवात सहज मोजता येते. याच गुणामुळे १९७५ मध्ये शिंपल्यांवरून जगभरच्या किनाऱ्यांची तपासणी करण्याची कल्पना पुढे आली आणि अमेरिकेने १९८६ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून राबवली.

दुसरा आक्षेप भूगर्भशास्त्र जाणणाऱ्यांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. कोकणचा काळा कातळ आणि त्यावरचा जांभा यांत लोह, क्रोमिअम, निकेल, तांबे निसर्गतःच भरपूर असते. मग चिखलातले क्रोमिअम कारखान्याचे की सह्याद्रीचे, हे कसे ठरवायचे? म्हाकुलाचेही तसेच. त्याच्या पाचक ग्रंथीत कॅडमिअम स्वच्छ समुद्रातही साठते. भारतातून गेलेल्या म्हाकुलांच्या काही खेपा युरोपात कॅडमिअममुळे अडवल्या गेल्या, म्हणून आपला सगळा समुद्र विषारी झाला असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हा आक्षेप मान्यच करायला हवा. पण त्याचे उत्तर शास्त्राकडे आहे. चिखलातला धातू ॲल्युमिनिअमच्या किंवा लोहाच्या प्रमाणात मांडला की खडकाचा वाटा वेगळा पडतो. चिखलात नळी खोल खुपसून गाभा काढला की खालचे जुने थर आणि वरचे अलीकडचे थर यांची तुलना होते. शिशाच्या समस्थानिकांवरून ते खडकातून आले की पेट्रोल-रंगातून, याचाही माग लागतो. निसर्गाचा वाटा आहे म्हणून मोजणी सोडून द्यायची नसते. निसर्गाचा वाटा वजा करण्यासाठी मोजणी लागते.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. घराघरांतल्या धातूंची चर्चा म्हणजे कारखान्यांना पळवाट. हंडा घासणाऱ्या बाईला आणि बोट रंगवणाऱ्या तांडेलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून रासायनिक वसाहतींना सोडून देणे. ही भीती निराधार नाही. पण पळवाट प्रत्यक्षात कुठून मिळते ते पाहा. खाडीत मासे मेले, चिखलात धातू सापडले, की वसाहतीकडून उत्तर येऊ शकते की हे गावांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यातून आले आहे. हे उत्तर खोडून काढायला आपल्याकडे काय आहे? वाशिष्ठीकाठच्या चिपळूणच्या गटारांतून किती जस्त येते, हर्णेच्या बंदरातून किती तांबे, याची मोजणी हाताशी नसेल तर आरोप आणि नकार दोन्ही हवेतच राहतात. घरगुती वाटा मोजलेला असेल तर उरलेल्याचा मालक आपोआप पुढे येतो. पारा आणि षट्संयुजी क्रोमिअम सांडपाण्यात जास्त प्रमाणात सापडले तर त्याचे खापर हंड्यावर आणि टायरवर फोडता येणारच नाही, कारण घरांच्या सांडपाण्याची धातूंची ठेवणच वेगळी असते: जस्त आणि तांबे पुढे, पारा आणि क्रोमिअम मागे. स्रोतवार हिशेब हे कारखान्याविरुद्ध वापरायचे सर्वांत धारदार हत्यार आहे. ते आजवर वापरले गेले नाही, कारण ते तयारच केले गेले नाही.

तांबे-जस्त तर शरीराला हवेच असते, मग त्यांची एवढी काळजी कशाला, असेही विचारले जाते. माणसासाठी हे बव्हंशी खरे आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या कालवाच्या पिल्लासाठी नाही. हर्णेचे अर्थकारण त्या पिल्लांवर आणि त्यांच्यावर जगणाऱ्या साखळीवर उभे आहे.

स्रोताशी धातू रोखला तर खरोखर फरक पडतो का, याचा मला माहीत असलेला सर्वांत समाधानकारक पुरावा सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाचा आहे. पालो आल्टो शहराच्या शुद्धीकरण केंद्राचे पाणी तिथे चिखलाच्या सपाट पट्ट्यावर सोडले जाते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकापासून त्या चिखलातल्या छोट्या शिंपल्यांतले तांबे आणि चांदी सातत्याने मोजली. सुरुवातीला दोन्ही धातू इतके जास्त होते की शिंपल्यांची प्रजननक्षमता खुंटलेली होती. पुढे केंद्रातली प्रक्रिया सुधारली आणि त्याबरोबर स्रोतांवर काम सुरू झाले: फोटो धुणाऱ्या दुकानांतली चांदी, वाहनदुरुस्तीच्या जागांतले पाणी, नळांची झीज, गटारातली मुळे मारण्यासाठी ओतले जाणारे मोरचूद. १९८० च्या दशकात शिंपल्यांतले धातू घसरले आणि प्रजनन पुन्हा सुरू झाले. हे कळले कारण कोणीतरी त्याच जागी, त्याच जातीच्या शिंपल्या वर्षानुवर्षे उचलून मोजत राहिले.

हर्णेला असे काम करायला फार दूर जावे लागणार नाही. दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. धातू मोजण्याचे शास्त्र या संस्थांना परके नाही. सुरुवातीला थोडेच नमुने पुरतील, पण ते नीट निवडलेले हवेत: मैलागाडीतला गाळ, पहिल्या पावसाचे पन्हाळीचे आणि गटाराचे पाणी, नौका खरवडतात तिथली वाळू, आणि जोग नदीच्या मुखाजवळची कालवे, जी बंदीच्या आधी आणि हंगाम सुरू झाल्यावर अशी दोनदा उचलावीत. त्याच पद्धतीने बाणकोट आणि दाभोळच्या खाड्यांतली कालवे घेतली तर तीन ठिकाणांची तुलना होईल आणि वाद आकड्यांवर येईल. काही गोष्टी तर मोजणीची वाट न पाहता करता येतात. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे. बंदरात एक संकलन केंद्र हवे आहे, एवढेच. दंतवैद्यांच्या बेसिनखाली पारा अडवणारे साधे उपकरण बसते.

सर्वांत निकडीची गोष्ट जेट्टीची आहे. हर्णेत सुरक्षित बंदर आणि जेट्टी व्हावी ही मागणी अनेक वर्षांची आहे आणि ती न्याय्य आहे. वादळाची चाहूल लागली की नौका आंजर्ल्याच्या खाडीत हलवाव्या लागतात, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर आणावी लागते. पण लाटा अडवणारा बंधारा घातला की आतले पाणी शांत होते, आणि शांत पाण्यात रंगातून सुटलेले तांबे बाहेर जात नाही. शेल्टर आयलंडला नेमके हेच घडले. म्हणून जेट्टीच्या आराखड्यातच तळ खरवडण्यासाठी फरसबंद, उताराची, पापुद्रे अडवणारी जागा हवी, इंजिनाच्या तळचे तेलकट पाणी उपसून घेणारी टाकी हवी, आणि भरती-ओहोटीला पाणी खेळते राहील एवढी वाट बंधाऱ्यात ठेवलेली हवी. बंधाऱ्याचे दगड पडायच्या आधीच्या चिखलाचे आणि कालवांचे नमुने घेऊन ठेवले नाहीत, तर पुढे काय बदलले हे कधीच सांगता येणार नाही.